वायरचे दुसरे टोक

यंदाच्या नाताळच्या सकाळी, म्हणजे आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला, मी चर्चमधून निघालो आणि भलत्याच माणसाची पिकअप घेऊन घरी आलो. पाच मैल चालवली, अंगणात लावली, तिची थंडीत लावायची वायर भिंतीतल्या प्लगला जोडली आणि घरात येऊन बूट काढले, तरी माझ्या काही लक्षात आले नव्हते. तो भलता माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ ओरेस्त. त्याच्याशी मी नऊ वर्षे बोललो नव्हतो. त्याच्या गाडीत मला जे सापडले आणि माझ्या गाडीत त्याचे जे झाले, त्यामुळे हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. नाहीतर ते आणखी वीस वर्षे लांबले असते.

करिता मी, दिमित्रो इवान स्टेफुरा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती, शिक्षण इथल्याच दोन खोल्यांच्या शाळेत आठवीपर्यंत, राहणार झोर्या, प्रांत सास्काचेवान, देवाला स्मरून लिहून ठेवतो की, पुढील मजकूर मी राजीखुशीने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक असून बुद्धी शाबूत आहे. स्वतःची गाडी ओळखण्याइतकी ती शाबूत नाही असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. तेही इथेच नोंदवतो, म्हणजे मागाहून कोणी नव्याने काढायला नको.

कलम १. राहते घर, मागची दोन्ही शेते, गुरे, बँकेत जे काही असेल ते, आणि कोंबड्या, हे सर्व माझी पत्नी लेस्या हिला. कोंबड्या माझ्या आहेत असे मी एकदा रागाच्या भरात बोललो होतो. ते मागे घेतो.

कलम २. लेस्याच्या पश्चात सर्व काही आमची मुलगी डारिया हिला. ती सास्काटूनला नोकरी करते आणि इकडे राहायला येणार नाही, हे मला माहीत आहे. माझा राग नाही. हत्यारांची पेटी मात्र तिने आत्ताच घेऊन जावी. शहरातही स्क्रू सैल होतात.

कलम ३. माझ्या हातच्या प्रार्थनांच्या तीन वह्या झोर्याच्या चर्चला. तिथे गेली बावीस वर्षे मी गातो, त्याआधी माझे वडील गात. माझ्यानंतर गाणारा मिळाला नाही तर फादरनी नुसते वाचावे, पण वॉल्टर मेलनिकला गायला सांगू नये. फादर यारोस्लाव यांना माझी लोकरी टोपी. त्यांची टोपी फक्त दिसायला चांगली आहे.

कलम ४. वर नाव आलेला वॉल्टर मेलनिक हा माझा शेजारी. त्याला माझी चोवीस फुटी शिडी. ती अकरा वर्षांपासून त्याच्याचकडे आहे, तेव्हा नेण्या-आणण्याचा त्रास नाही.

कलम ५. लार्कफील्ड गावी जुन्या गाड्या विकणारा जो गृहस्थ आहे, त्याला बारा फूट काळी वायर, प्लगसकट, सन्मानपूर्वक परत. ती कोठारात खिळ्याला टांगलेली आहे. त्याची हकीकत अशी.

आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या नाकाडातून एक वायर लोंबत असते. थंडीत गाडी उभी केली की ती प्लगला जोडायची. मग आतला हीटर इंजिन गोठू देत नाही. नऊ वर्षांपूर्वी मला मोठी पिकअप घ्यायची होती. ओरेस्तने लार्कफील्डची ही गाडी शोधून काढली. पांढरी, दक्षिणेच्या वाळवंटातून आलेली, खाली गंजाचा ठिपका नाही. आमच्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, ते पत्रा खाते. त्यामुळे गंज नसलेली गाडी दिसली की इथल्या माणसाचे भान सुटते. माझे सुटले. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून खालचा पत्रा बघत राहिलो, एखादे चित्र बघावे तसे. पुढे वायर लोंबत होती. ओरेस्तने विचारले, "वायर आहे ना?" तो गृहस्थ म्हणाला, "ही काय, समोर आहे."

त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी ती वायर जोडत असे, आणि जोडताना छोटीशी प्रार्थना म्हणत असे. गाडी सकाळी सुरू होत नसे. मी प्रार्थना वाढवली. मार्च महिन्यात काहीतरी पडले म्हणून खाली वाकलो तर दिसले की वायरचे दुसरे टोक कशालाच जोडलेले नाही. सुतळीने पत्र्याला बांधलेले आहे. वाळवंटातल्या गाडीला हीटर कशाला असेल? विकताना नुसती वायर लावून दिली होती. तीन महिने मी सुतळीला वीज देत होतो. पुढे खरा हीटर आणि नवी वायर बसवून घेतली, तरी गाडी रडतखडतच चालायची.

मी तसाच चर्चच्या हॉलमध्ये गेलो. शुक्रवारचे पेरोगींचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे जेवण चालले होते, सगळी वस्ती तिथेच होती. मी ओरेस्तला म्हणालो, "तुला माहीत होतं." तो म्हणाला, "नव्हतं." मी म्हणालो, "तू मला मुद्दाम घ्यायला लावलीस ही गाडी." त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "ज्याला वायरचं दुसरं टोक बघायचं सुचत नाही, त्याला बाबांची गाडी तरी कशाला पाहिजे होती?"

म्हणजे खरे दुखणे वायरचे नव्हते. ते कलम ७ मध्ये येईल. त्या दिवसापासून आमच्यात जे काही बोलणे झाले ते वॉल्टरमार्फत. चर्चमध्ये तो डावीकडे उभा राहतो, मी उजवीकडे गातो, आणि शांतीच्या प्रार्थनेत आम्ही दोघेही वॉल्टरकडे बघतो.

कलम ६. हे कलम काही देण्याचे नाही. नाताळच्या सकाळची नोंद आहे.

उणे एक्केचाळीस होते. लेस्या सर्दीमुळे घरी होती. असल्या थंडीत वॉल्टर मध्येच बाहेर जाऊन सगळ्यांच्या गाड्या सुरू करून येतो. किल्ल्या आतच असतात आणि त्याच्या जाण्याने गाण्याचे नुकसान होत नाही. त्या दिवशी बाहेर आठ पिकअप होत्या, त्यांतल्या सहा पांढऱ्या, धूर ओकणाऱ्या, नंबरपट्टीवर बोटभर बर्फ. मी सवयीच्या जागी गेलो आणि बसलो. माझी जागा त्या दिवशी ओरेस्तने घेतली होती.

घरी येताना सीट खालून हळूहळू ऊबदार होत गेली. मला वाटले, तीन तास मनापासून गायल्याचे हे फळ असावे. मी देवाचे आभार मानले. ते सीट तापवणाऱ्या बटणामुळे होते हे आता कळले आहे, तरी मानलेले आभार परत घेत नाही.

लेस्या खिडकीशी उभी होती. "कुणाची गाडी आणलीस?"

"आपली."

"आपल्या गाडीचे दोन्ही दिवे लागतात?"

मी पाहिले. दोन्ही दिवे दिसत होते.

परत बूट चढवून बाहेर गेलो आणि मालक कळावा म्हणून सीटमागची पेटी उघडली. रस्त्यात अडकलो तर असावी म्हणून प्रत्येकाच्या गाडीत अशी पेटी असते. आत उबेसाठी डब्यातली मेणबत्ती, काड्यापेटी, घोंगडी, चॉकलेट, सगळे शिस्तीत. घोंगडीवर ओरेस्तचे नाव. आणि घोंगडीखाली नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे उंच बूट, कोरे, कागदी चिठ्ठीसुद्धा न काढलेले. नंबर बारा.

ओरेस्तचा पाय नऊ नंबरचा आहे. या वस्तीत बारा नंबर फक्त माझा. त्यावरून शाळेपासून मला चिडवतात.

मी ते बूट हातात घेऊन उभा होतो तेवढ्यात लेस्याने दारातून हाक मारली. वॉल्टरचा फोन होता.

"तुझी गाडी सापडली," वॉल्टर म्हणाला.

"कुठे?"

"धान्याच्या जुन्या कोठाराजवळ, चौकात. भाऊही सापडला. दोघंही बंद पडलेत. तो हलतोय अजून."

ओरेस्त शेवटी निघतो, मेणबत्त्या विझवून कुलूप लावणे त्याच्याकडे आहे. बाहेर एकच गाडी उरली होती, माझी. ती त्याला दोन मैल घेऊन गेली आणि थांबली. माझ्या पेटीतली मेणबत्ती उंदरांनी खाल्ली होती. काड्यापेटी मी मागच्या वर्षी घरात आणली होती आणि परत ठेवली नव्हती. चाळीस मिनिटे तो तिथे उभा होता. थंडीने डाव्या कानाची कड गेली. तो एकटा राहतो, त्यामुळे घरी वाट पाहून फोन करणारे कोणी नव्हते. वॉल्टर चुकून त्या रस्त्याने गेला नसता तर चार दिवसांनी मी त्याच्या शवपेटीपाशी गायला उभा राहिलो असतो, आणि नऊ वर्षांनंतर भावाशी बोललेले माझे पहिले शब्द ते झाले असते.

बुटांविषयी मी नंतर वॉल्टरला विचारले. तो म्हणाला, "ओरेस्त दर वर्षी पहिला बर्फ पडला की ते बाहेर काढून झटकतो. एकदा विचारलं, कुणाचे रे? म्हणाला, रस्त्यात सापडेल त्याचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"निरोप द्यायला सांगितलं नव्हतं."

कलम ७. शेडमध्ये ताडपत्रीखाली माझ्या वडिलांची हिरवी पिकअप आहे. ती उणे पंचेचाळीसलाही सुरू व्हायची. तिचे इंजिन बाबांनी आणि ओरेस्तने मिळून दोनदा उतरवून परत चढवले. मी तेव्हा चर्चमध्ये गाणे शिकत असे. चौदा वर्षांपूर्वी बाबा वारले आणि गाडी माझ्या नावावर निघाली, कारण घर माझ्याकडे होते आणि गाडी घराच्या शेडमध्ये होती. बाबांनी जास्त विचार केला नसावा. ओरेस्त त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.

ती गाडी मला कधी सुरू करता आली नाही. बाबांची रीत मला माहीत आहे: पेट्रोलचा चोक अर्धा ओढायचा, "प्रभू, दया कर" तीनदा म्हणायचे, मग चोक आत ढकलून किल्ली फिरवायची. मी दर नाताळला तसे करतो. दर वेळी इंजिनात पेट्रोल भरून ते गप्प होते. ओरेस्तला विचारावे लागले असते, म्हणून मी नऊ हिवाळे सुतळीवाली गाडी ढकलत काढले. हे लिहिताना माझे मलाच बरे वाटत नाही.

तरी ती हिरवी गाडी माझ्या मृत्यूनंतर माझा भाऊ ओरेस्त इवान स्टेफुरा याला मिळावी.

कलम ८. यंदा मी घेतलेली पिकअप लेस्याला. ती कशी घेतली ते डारियासाठी लिहून ठेवतो, कारण एक दिवस तिलाही घ्यावी लागेल.

लेस्या म्हणाली, "नवी घे." म्हणून वॉल्टरला घेऊन नवी बघायला गेलो. आरशासारखी गाडी होती, आत सगळी बटणे काचेच्या पडद्यावर. वॉल्टर लोकरी हातमोज्यानेच हीटर लावायला गेला आणि रेडिओ लागला. विकणारा म्हणाला, "हातमोजे काढा ना." वॉल्टर म्हणाला, "हातमोजे काढून चालवायची असती तर मे महिन्यात घेतली असती." आम्ही परत आलो.

मग शेजारच्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षिका एल्सी गुंडरसन यांची सहा हिवाळे झालेली गाडी कळली. नवरा गेल्यापासून उभी होती. लेस्या म्हणाली, "जुनी घ्यायची तर घे. पण ओरेस्त तिच्याखाली झोपल्याशिवाय ती या अंगणात येणार नाही." आणि मला न विचारता तिने त्याला फोन केला.

वॉल्टर गाडी चालवत होता, शेजारी ओरेस्त, कानाला पट्टी. मी मागे.

"वॉल्टर, याला विचार, नवी का नाही घेतली?"

"अरे, तो मागे बसलाय. ऐकतोय."

"तरी विचार."

"दिमित्रो, नवी का नाही घेतलीस?"

"त्याला सांग, हातमोज्यांमुळे."

ओरेस्तने नखाने काचेवरचे हिम खरवडले. मग म्हणाला, "वॉल्टर, याला सांग, हे एक बरोबर केलं."

एल्सीबाईंच्या अंगणात तो घोंगडी न पसरता सरळ बर्फावर आडवा झाला आणि गाडीखाली गेला. फक्त बूट बाहेर दिसत होते, नऊ नंबरचे. मला वायर हलताना दिसत होती. हाताने चाचपत तो आत, आणखी आत जात होता. एल्सीबाई दारातून म्हणाल्या, "काही हरवलंय का त्यांचं?" मग खालून आवाज आला.

"वॉल्टर, याला सांग, दुसरं टोक आहे."

तेव्हा डारिया, ध्यानात ठेव. गंज खालून बघ. दार हातमोज्याने उघडून बघ. गाडी रात्रभर बाहेर ठेवायला सांग आणि सकाळी, गरम न करता, तुझ्यासमोर सुरू करायला लाव. बॅटरी एवढी मोठी असावी की एकटीला उचलताना कमरेत कळ यावी. विकणारा "वायर आहे" म्हणाला तर तो खोटे बोलत नसेल. तू हात घालून दुसरे टोक बघ. आणि ज्याला यातले जास्त कळते त्याच्याशी बोलणे बंद ठेवून गाडी घेऊ नकोस.

इथवर मजकूर अठरा तारखेपर्यंत लिहून झाला. पुढचा भाग आज, एकोणीस जानेवारीला, आमच्या यॉर्डानच्या, म्हणजे पाणी पवित्र करण्याच्या सणाच्या दिवशी लिहीत आहे. आज फादरनी पाण्याला आशीर्वाद दिला, घरोघर शिंपडले, आणि माझ्या आग्रहावरून नव्या गाडीवरही शिंपडले. जरा सढळ हाताने. उणे छत्तीसमध्ये ते पाणी चारही दारांच्या फटींत गोठले आणि गाडी आशीर्वादासकट बंद झाली. फादर पुढच्या गावाला निघून गेले. वॉल्टर लेस्याचे केस वाळवायचे यंत्र घेऊन बाहेर उभा राहिला.

साक्षीसाठी मी वॉल्टरबरोबर ओरेस्तलाही बोलावले होते, अर्थात लेस्याकरवी. सकाळी डारियाला फोनवर मजकूर वाचून दाखवला.

ती म्हणाली, "बाबा, ज्याला काही ठेवलंय त्याची साक्ष चालत नाही. सही केली की त्याचं मिळायचं ते जातं."

"मी तर इथल्या सगळ्यांनाच काही ना काही ठेवलंय."

"मग कुणाला तरी खोडा."

वॉल्टर म्हणाला, "शिडी नको मला. तशी ती माझ्याकडेच आहे." सबब कलम ४ रद्द समजावे. शिडी परत करावी.

दुसरी सही राहिली. वॉल्टर पुन्हा बाहेर दारे वाळवायला गेला. लेस्याला अचानक कोंबड्यांची आठवण झाली आणि तीही गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघेच उरलो, आणि निरोप सांगायला कोणी नव्हते.

ओरेस्तने चष्मा लावून कलम सहा वाचले. मग सात वाचले. मग पुन्हा सहा वाचले. कानाची पट्टी ठीक केली.

"धाकट्या," तो म्हणाला. नऊ वर्षांत या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. "सात खोड. मी सही करतो."

"खोडलं तर गाडी तुला मिळणार नाही."

"चौदा वर्षं कुठं मिळाली? सही तर होईल."

मी म्हणालो, "वायरचं तुला खरंच माहीत नव्हतं."

"मी विचारलं वायर आहे का. तो म्हणाला आहे."

"मीही तेवढंच विचारलं असतं."

"हो. आपण दोघंही गंज बघत होतो."

मी कोट घातला आणि त्याला शेडमध्ये नेले. ताडपत्री सकाळीच काढून ठेवली होती. हिरव्या गाडीची वायर पहाटेपासून प्लगला होती आणि तिची बॅटरी मी दर हिवाळ्यात ठेवतो तशी घरात ठेवून, आजच परत बसवली होती. हे मी लेस्यालाही सांगितले नव्हते. ओरेस्तने इंजिनावर हात ठेवला. ते गरम होते. त्याने माझ्याकडे पाहिले.

"तू कसा सुरू करतोस ते दाखव," तो म्हणाला.

मी चोक ओढला आणि प्रार्थना म्हणू लागलो. दुसऱ्या वेळेपर्यंत आलो असेन, तो दाराला धरून हसायला लागला. कान दुखत होता तरी थांबेना.

"तू गातोयस."

"गात नाही. म्हणतोय."

"अरे, एवढ्या वेळात बाबा लार्कफील्डला जाऊन परत यायचे. हे चर्चमधलं नाही, धाकट्या. ही मोजणी आहे. सरक."

तो बसला. चोक अर्धा ओढला आणि "प्रभू दया कर प्रभू दया कर प्रभू दया कर" असे एका दमात म्हणाला, मागे कोणी लागल्यासारखे. मग चोक आत ढकलून किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, आणि मग बाबांच्या वेळी व्हायचा तोच आवाज शेडभर झाला. चौदा वर्षे देव माझे ऐकत होता की नाही याची मला शंका येत असे. ऐकत होता, मीच इंजिनापेक्षा सावकाश होतो.

गाडीचे कागद माझ्या खिशात होते. ते मी तिच्या बोनेटवर ठेवून सही केली आणि त्याच्या हातात दिले. किल्ली त्याच्याकडे होतीच.

सबब कलम ७ मी माझ्या हाताने खोडले आहे. ती वस्तू आता माझी राहिलेली नाही. मी जिवंत असताना, शुद्धीत, दिवसाउजेडी ती दिली आहे. उरलेला मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून खाली नाव लिहितो.

दिमित्रो इवान स्टेफुरा

आमच्यासमोर, टेबलाशी बसून त्यांनी सही केली, म्हणून आम्हीही केली:

१. वॉल्टर मेलनिक (शिडी बर्फ वितळल्यावर आणून देतो.)

२. ओरेस्त इवान स्टेफुरा (गाडी मिळाली. बूट त्याच्याकडेच राहू देत.)

ठिकाण: झोर्या, सास्काचेवान
तारीख: १९ जानेवारी २०१८